शियाओके वान : सात वनस्पती आणि एक ग्लिबेनक्लामाइड

ग्वांगझू शहरात तयार होणारी शियाओके वान ही मधुमेहाची गोळी चीनमध्ये अनेक दशके विकली जात आहे, आणि तिचे परीक्षण करायचे तर सुरुवात घटकांच्या यादीपासूनच करावी लागते. यादीत सात वनस्पती आहेत. गगेन म्हणजे प्युरेरिया या वेलीचे मूळ, दिहुआंग म्हणजे रेहमानियाचे मूळ, हुआंगची म्हणजे अ‍ॅस्ट्रागॅलसचे मूळ, तियानहुआफेन म्हणजे ट्रायकोसँथिसचे मूळ, मक्याच्या कणसावरचे रेशमी तंतू, शिसांड्राची फळे आणि चिनी याम हा कंद. या सातांच्या शेवटी आठवे नाव येते ते ग्लिबेनक्लामाइड. हे १९६९ साली युरोपात बाजारात आलेले, सल्फोनिलयुरिया गटातील, म्हणजे इन्सुलिन बाहेर पाडून रक्तातली साखर उतरवणाऱ्या गटातील, कृत्रिम औषध आहे. अमेरिकेत ते ग्लायब्युराइड या नावाने आणि अनेक देशांत डाओनिल या व्यापारी नावाने ओळखले जाते. उत्पादकाने ते लपवलेले नाही. चीनच्या अधिकृत औषधसंहितेतही या गोळीच्या पाठात ते नोंदलेले आहे. तरीही ही गोळी ‘पारंपरिक चिनी औषध’ म्हणूनच ओळखली जाते आणि घेणाऱ्यांपैकी अनेकांना आठव्या घटकाचा पत्ता नसतो. माझ्या मते या उत्पादनासंबंधीचा प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न त्या आठव्या घटकापाशी येऊन थांबतो.

गोळी दिसायला लहान, काळी आणि वरून लेप दिलेली असते. चव गोडसर, आंबट आणि किंचित तुरट असल्याचे तिच्या अधिकृत वर्णनात म्हटले आहे. दहा गोळ्यांचे वजन अडीच ग्रॅम भरते, आणि त्या दहा गोळ्यांत मिळून २.५ मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाइड असते. म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या एका गोळीत पाव मिलिग्रॅम, वजनाच्या हिशेबाने एक हजारांश. उरलेले ९९९ भाग वनस्पतींचे अर्क, चूर्णे आणि लेप यांचे. मात्रा एका वेळी पाच ते दहा गोळ्या, दिवसातून दोन किंवा तीन वेळा, जेवणापूर्वी कोमट पाण्याबरोबर अशी दिलेली आहे. दहा गोळ्या तीनदा घेणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसाला ७.५ मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाइड जाते. ही मात्रा किरकोळ नव्हे. ग्लिबेनक्लामाइडच्या अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या एखाद्या डॉक्टरने लिहून दिल्या असत्या, तर त्याने सोबत साखर उतरण्याच्या धोक्याची ताकीद नक्की दिली असती.

इथे वापराच्या दृष्टीने एक गंभीर उणीव दिसते. मात्रा मोजून घ्यायची आहे, आणि मोजायच्या आहेत त्या एकसारख्या काळ्या, बारीक गोळ्या. मधुमेह जुना झाला की दृष्टिपटलावर परिणाम होतो, बोटांच्या टोकांची संवेदना कमी होते. नेमक्या अशाच माणसाने तळहातावर पाच गोळ्या आहेत की आठ हे ओळखायचे, असा हा प्रकार आहे. वनस्पतींचे चूर्ण दोन-तीन गोळ्यांनी कमी-जास्त झाले तर बहुधा काही बिघडणार नाही, मात्र सल्फोनिलयुरियाच्या बाबतीत वयस्कर, कमी जेवणाऱ्या माणसाला तेवढा फरकही जाणवू शकतो. ज्या औषधाची मात्रा काटेकोर हवी ते ठरावीक वजनाच्या, मोजक्या गोळ्यांतच द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्लिबेनक्लामाइड शरीरात काय करते हे नीट ठाऊक आहे. स्वादुपिंडातील बीटा पेशींवर पोटॅशियमचे विशिष्ट मार्ग असतात. हे औषध ते मार्ग बंद करते, पेशीत कॅल्शियम शिरते आणि इन्सुलिन बाहेर पडते. रक्तातली साखर जास्त असो वा आधीच उतरलेली असो, औषध आपले काम करतच राहते. म्हणून या गटातील औषधांचा मुख्य दुष्परिणाम साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाणे हाच आहे, आणि गटातल्या इतर औषधांपेक्षा ग्लिबेनक्लामाइडमध्ये तो अधिक आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या गटातून ग्लिक्लाझाइडला पसंती दिलेली आहे आणि साठीपुढच्या व्यक्तींसाठी ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही अशी नोंद आहे. वृद्धांना कोणती औषधे टाळावीत यासंबंधीच्या अमेरिकेतील बीअर्स निकषांतही हे नाव आहे.

आता संशोधनाकडे वळतो, कारण या गोळीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे खरोखरच एक चांगली चाचणी आहे. पेकिंग विद्यापीठाच्या पीपल्स हॉस्पिटलमधील ची लिनोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत टाइप २ मधुमेहाचे ८०० रुग्ण होते. काहींनी आधी कोणतेही औषध घेतलेले नव्हते, तर काहींची साखर केवळ मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या प्रचलित औषधाने आटोक्यात येत नव्हती. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून एका गटाला शियाओके वान आणि दुसऱ्याला ग्लिबेनक्लामाइड देण्यात आले. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. ४८ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत साखरेचे नियंत्रण, म्हणजे एचबीएवनसीमधील (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीतील) घट, सारखेच होते. साखर उतरण्याचे प्रसंग मात्र शियाओके घेणाऱ्यांत कमी घडले.

पारंपरिक औषधांच्या बाबतीत अशी चाचणी होणे ही साधी गोष्ट नाही. काढ्याचा वास, रंग आणि चव यांमुळे रुग्णाला आपण काय पितो आहोत ते लगेच कळते, आणि तुलनेसाठी तंतोतंत तसेच दिसणारे निष्क्रिय पेय बनवणे अतिशय अवघड असते. टाइप २ मधुमेहावरील चिनी वनौषधींचा कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, जो जुना आढावा आहे, त्यात ६६ चाचण्या, ८३०२ रुग्ण आणि ६९ वेगवेगळी औषधे होती. काही औषधांनी साखर कमी झाल्याचे त्यांत दिसले, पण बहुतेक चाचण्यांची आखणी इतकी ढिली होती की आढावाकर्त्यांना एकाही औषधाची ठाम शिफारस करता आली नाही. त्या पार्श्वभूमीवर २०१३ च्या चाचणीचे मोल मोठे आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो.

तरीही या चाचणीने कोणता प्रश्न विचारला हे बारकाईने पाहायला हवे. तुलना ग्लिबेनक्लामाइडशी होती, आणि गोळीतही ग्लिबेनक्लामाइडच होते. साखर सारखीच उतरली यात त्यामुळे आश्चर्य नाही. सात वनस्पती एकट्या, ग्लिबेनक्लामाइडशिवाय, काही करतात का, हे ठरवायला तिसरा गट लागला असता, आणि तो नव्हता. चाचणीतून निघणारा निष्कर्ष एवढाच, की ग्लिबेनक्लामाइड द्यायचेच असेल तर या वनस्पतींच्या सोबतीने दिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण काहीसे घटते. हा निष्कर्ष उपयुक्त आहे. परंतु ज्या काळात साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा न उतरवणारी औषधे उपलब्ध आहेत, त्या काळात ‘गटातील सर्वांत धोकादायक औषधापेक्षा थोडे बरे’ या प्रशस्तीला किती वजन द्यायचे, याचा विचार रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळून करायला हवा. मेटफॉर्मिन एकटे घेतले तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत खाली जात नाही. या चाचणीत त्याच्याशी थेट तुलना केलेली नव्हती.

मूत्रपिंडाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, कारण मधुमेह असलेल्या दर दहा माणसांपैकी तीन ते चार जणांना पुढे कधी ना कधी किडनीचा आजार जडतो. शियाओके वानच्या माहितीपत्रकात तिचे पारंपरिक कार्य ‘शेन’चे पोषण करून यिन (शरीराला थंडावा आणि ओलावा देणारे मानलेले तत्त्व) वाढवणे असे दिलेले असते, आणि ‘शेन’ म्हणजे किडनी असे बहुतेक वाचक धरून चालतात. त्याच पत्रकात, निषिद्ध स्थितींच्या रकान्यात, यकृत आणि मूत्रपिंड यांचे कार्य मंदावलेल्यांनी ही गोळी घेऊ नये असे म्हटलेले असते. पारंपरिक चिनी वैद्यकातील ‘शेन’ वाढ, प्रजनन, हाडे, वार्धक्य अशा अनेक गोष्टींशी जोडलेले आहे. किडनी किती काम करते हे दाखवणाऱ्या, रक्तातील क्रिएटिनिन या पदार्थाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. किडनी दुबळी झाली म्हणून किडनीला बळ देणारी गोळी हवी, असा विचार करणारा माणूस पहिले वाक्य वाचून बाटली विकत घेईल आणि दुसऱ्या वाक्याने ज्याला मनाई केली आहे तो नेमका तोच असेल. या उत्पादनाविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. ही दोन वाक्ये पत्रकात एकमेकांपासून दूर छापण्यासारखी नाहीत.

मनाईमागचे कारण औषधाच्या शरीरातील प्रवासात आहे. ग्लिबेनक्लामाइडचे यकृतात रूपांतर होते, आणि तयार होणाऱ्या पदार्थांपैकी काही स्वतःही साखर उतरवतात. निरोगी माणसात त्यांचा सुमारे अर्धा भाग लघवीवाटे जातो. किडनी मंदावली की ते साचतात आणि औषधाचा अंमल लांबतो. त्यात भर अशी, की शरीरातील इन्सुलिनचा एक मोठा वाटा किडनीच नष्ट करते. किडनी थकली की इन्सुलिनही रक्तात जास्त वेळ टिकते. साचलेले औषध आणि रेंगाळणारे इन्सुलिन एकत्र आले की साखर उतरते, आणि ग्लुकोज देऊन वर आणली तरी काही तासांनी पुन्हा उतरते. अशा रुग्णाला शुद्धीवर आल्याबरोबर घरी पाठवणे धोक्याचे असते. त्याला रुग्णालयात ठेवून किमान दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ, साखर पुन्हा पुन्हा तपासावी लागते. किडनीच्या आजारात या गटातले औषध द्यायचेच झाले तर ग्लिपिझाइडसारखे, ज्याचे अवशेष निष्क्रिय असतात असे औषध निवडण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो.

सातांपैकी निदान एखाद्या वनस्पतीचा किडनीला फायदा होतो का, हे विचारणे योग्यच आहे. हुआंगचीविषयी बरेच काम झाले आहे. जुनाट किडनी आजारात तिच्या उपयोगाचा कॉक्रेनने २०१४ मध्ये घेतलेला आढावा २२ चाचण्या आणि १३२३ रुग्णांचा होता. लघवीतून जाणारी प्रथिने घटणे आणि हिमोग्लोबिन वाढणे अशा आशादायक खुणा त्यात दिसल्या, पण पुरावा कमकुवत असल्याची स्पष्ट नोंदही होती. शिवाय त्या चाचण्यांमध्ये हुआंगची स्वतंत्रपणे किंवा नेहमीच्या उपचारांच्या जोडीने दिलेली होती. शियाओकेच्या गोळीतून ती घ्यायची तर ग्लिबेनक्लामाइडही घ्यावेच लागते. हुआंगचीचा संभाव्य फायदा मिळवण्यासाठी किडनीच्या रुग्णाने एवढी किंमत मोजावी असे मला मुळीच वाटत नाही.

एका बाबतीत ही गोळी निर्दोष आहे, आणि तेही सांगायला हवे. तिच्या सात वनस्पतींपैकी एकीतही अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल नाही. हे आम्ल काय करते ते ब्रसेल्समध्ये १९९० च्या दशकात कळून आले. तेथील वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींचे मिश्रण दिले जात होते. त्यात फांगजी म्हणजे स्टेफानिया असायला हवी होती. तिच्या जागी नावाने जवळची असलेली ग्वांग फांगजी, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकियाची एक जात, आली. तरुण स्त्रियांच्या किडन्या झपाट्याने निकामी होऊ लागल्या आणि व्हानहेरवेगेम यांच्या चमूने १९९३ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध केला. पुढे २००० साली आणखी भयंकर गोष्ट समोर आली: निकामी झालेल्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग सापडला. चीनने ग्वानमुतोंग या अ‍ॅरिस्टोलोकियाच्या जातीचा औषधातील वापर २००३ मध्ये आणि ग्वांग फांगजीचा २००४ मध्ये थांबवला. किडनीसाठी म्हणून कोणतीही चिनी वनौषधी घेताना वनस्पतींची शास्त्रीय नावे छापलेली आहेत की नाहीत हे पाहणे म्हणूनच अनिवार्य आहे. शियाओकेची यादी या कसोटीला उतरते. ‘गुप्त पाठ’ म्हणून विकली जाणारी पुडी उतरत नाही.

शियाओकेच्या शेजारी चीनमधील आणखी काही उत्पादने ठेवून पाहिली, तर अलीकडच्या संशोधनाची दिशा अधिक स्पष्ट होते. चिनलिदा हे १७ घटकांचे कणीदार औषध शिजियाझुआंगच्या यिलिंग कंपनीचे आहे आणि त्यात ग्लिबेनक्लामाइडसारखे काही मिसळलेले नाही. ग्लुकोज सहन करण्याची क्षमता घटलेल्या, पोटावर चरबी असलेल्या, पण मधुमेह अजून न झालेल्या ८८९ लोकांवर त्याची चाचणी झाली आणि ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांहून थोड्या जास्त काळानंतर औषध घेणाऱ्या गटात १२२ जणांना मधुमेह झाला होता, निष्क्रिय कणी घेणाऱ्या गटात १६४ जणांना. इथे तुलना निष्क्रिय पदार्थाशी आहे, त्यामुळे दिसणारे श्रेय त्या १७ घटकांकडे जाते. शियाओकेच्या चाचणीत नेमकी हीच सोय नव्हती. मात्र हा निकाल मधुमेह टाळण्याविषयीचा आहे, झालेला मधुमेह किंवा किडनी यांविषयीचा नाही, आणि कंपनीचे विक्रेते तो तिथपर्यंत ताणतील तर ते चूक ठरेल.

तुतीच्या कोवळ्या फांद्यांपासून काढलेल्या अल्कलॉइडांची गोळी मला सगळ्यांत सरस वाटते. चीनच्या औषध नियामकाने तिला मार्च २०२० मध्ये टाइप २ मधुमेहासाठी मान्यता दिली. तिचा मुख्य घटक डीऑक्सीनोजिरिमायसिन आतड्यातील अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला अडवतो आणि पिष्टमय पदार्थांचे साखरेत होणारे रूपांतर मंदावते. मिग्लिटॉल हे प्रचलित औषध याच रेणूपासून बनवलेले आहे. सहाशे रुग्णांच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत तिची गाठ त्याच विकराला अडवणाऱ्या अ‍ॅकार्बोज या प्रचलित औषधाशी होती. एचबीएवनसी तुतीच्या गोळीने ०.९३ टक्क्यांनी, तर अ‍ॅकार्बोजने ०.८७ टक्क्यांनी खाली आले, आणि पोट फुगणे, वायू धरणे असे त्रास तुतीच्या गटात कमी होते. कोणता घटक, कोणत्या विकरावर, किती मात्रेत, हे सगळे इथे ठाऊक आहे. वनस्पतीतून औषध घडवण्याची ही रीत मला अनुकरणीय वाटते.

किडनीसाठी हुआंगक्वे कॅप्सूलचा उल्लेख करायला हवा. ती भेंडीच्याच प्रजातीतील अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट या झाडाच्या फुलांपासून बनते आणि दिवसातून तीन वेळा पाच-पाच घ्यावी लागते. प्राथमिक ग्लोमेरुलर आजाराच्या (किडनीतील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म जाळ्यांच्या आजाराच्या) ४१७ रुग्णांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लघवीतील प्रथिने कमी करण्यात ती लोसार्टान या रक्तदाबाच्या औषधापेक्षा वरचढ ठरली. पण चाचणी २४ आठवड्यांचीच होती, आणि तेवढ्या काळात किडनीची गाळण्याची क्षमता कोणत्याही गटात लक्षणीय बदलली नाही. मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्यांवरची ती चाचणी नव्हती. प्रथिने घटणे हे चांगले लक्षण आहे. डायलिसिस किती वर्षे पुढे ढकलले गेले, हा रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळायला मोठा गट आणि लांबचा पाठपुरावा लागतो.

मधुमेहजन्य किडनी आजारात असे उत्तर ज्यांच्याविषयी मिळाले आहे ती औषधे आज उपलब्ध आहेत. कॅनाग्लिफ्लोझिनच्या २०१९ च्या चाचणीत ४४०१ रुग्ण होते आणि किडनी निकामी होणे, क्रिएटिनिन दुप्पट होणे, किंवा किडनी अथवा हृदयामुळे मृत्यू येणे या एकत्रित घटनांचा धोका ३० टक्क्यांनी घटला. सेमाग्लुटाइडच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३५३३ रुग्ण होते आणि किडनीशी संबंधित गंभीर घटनांचा धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. लोसार्टानच्या गटातील औषधे त्याआधीपासून आहेतच. कॅनाग्लिफ्लोझिनचा गट ज्या फ्लोरिझिन या पदार्थापासून विकसित झाला, तो सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडला होता. तेव्हा वनस्पतींविषयी माझ्या मनात अढी असण्याचे काहीच कारण नाही. आक्षेप आहे तो वेळेसंबंधी. मधुमेहाने किडनी बिघडू लागली की पहिली काही वर्षे काहीच दुखत-खुपत नाही. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन वाढू लागते, एवढेच. ती वर्षे उपचारासाठी सर्वांत मोलाची असतात, आणि तीच एखाद्या पुरेशा न तपासलेल्या गोळीवर विसंबून निघून जाऊ शकतात. गेलेली क्षमता पुढे परत मिळवून देणारे औषध कोणत्याही वैद्यकात अजून नाही.

उत्पादकाला एका गोष्टीचे श्रेय देणे न्यायाचे होईल: ग्लिबेनक्लामाइड आहे हे त्याने छापले आहे. न छापता ते मिसळणाऱ्यांनी काय अनर्थ केला आहे याची नोंद आहे. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० जण साखर उतरल्याने रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतले चौघे दगावले. बेकायदा विकल्या गेलेल्या लैंगिक उत्तेजक आणि वनौषधी म्हणवणाऱ्या उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइड सापडले. शिनजियांगमध्ये जानेवारी २००९ मध्ये मधुमेहाच्या एका बनावट चिनी कॅप्सूलने दोन बळी घेतले, आणि तिथेही दोषी हेच रसायन होते. शियाओके वान त्या पंक्तीतली नाही. ती नियमानुसार बनवलेली, घटक जाहीर करणारी, मोठ्या चाचणीतून गेलेली गोळी आहे. तिच्या नावाची बनावट बाटली मात्र असू शकते, म्हणून ओळखीच्या औषधालयाबाहेरून, विशेषतः सुट्या स्वरूपात, ती कधीच घेऊ नये.

माझे मत असे, की किडनीचे कार्य उत्तम असलेला, साठीच्या आतला, वेळेवर जेवणारा आणि नियमित साखर तपासणारा रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही गोळी घेत असेल आणि त्याची साखर नियंत्रणात असेल, तर तिच्याविरुद्ध ओरड करण्याचे कारण नाही. फक्त आपण सल्फोनिलयुरिया घेत आहोत हे त्याला पक्के ठाऊक असावे. नव्याने औषध सुरू करणाऱ्याला मी तिची शिफारस करणार नाही. किडनीचा आजार असलेल्याने, वृद्धाने, गर्भवतीने, स्तनपान करणाऱ्या स्त्रीने, टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाने आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्याने ती घेऊच नये. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखे औषध आधीपासून चालू असताना ‘ही तर झाडपाल्याची’ म्हणून तिची जोड देणे म्हणजे एकाच गटाची दोन औषधे एकदम घेणे होय. मद्य, काही बुरशीनाशके आणि को-ट्रायमोक्साझोलसारखी प्रतिजैविके साखर आणखी खाली ओढतात, तर बीटा ब्लॉकर या रक्तदाब-हृदयविकाराच्या औषधांमुळे छातीतली धडधड आणि हातांचा थरकाप ही धोक्याची लक्षणे झाकली जातात.

ज्यांच्या घरी ही बाटली आहे आणि जे ती रोज घेत आहेत, त्यांनी हे वाचून ती एकाएकी बंद करू नये, कारण त्याने साखर भडकेल. बाटली, माहितीपत्रक आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे, रक्तातील क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासून घ्यावे, आणि पर्यायी औषध त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. तोपर्यंत जेवण चुकले किंवा उलट्या-जुलाब होत असले तर त्या वेळची मात्रा घ्यावी की टाळावी हे आधीच विचारून ठेवावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे अशी लक्षणे दिसताच रुग्ण शुद्धीवर असेल तर साखर किंवा ग्लुकोज द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता लगेच रुग्णालयात न्यावे. तिथे ‘चिनी औषध घेतले आहे’ एवढेच सांगून भागणार नाही. ग्लिबेनक्लामाइड हे नाव, एका वेळच्या गोळ्यांची संख्या आणि शेवटची मात्रा घेतल्याची वेळ सांगावी, म्हणजे रुग्णाला किती वेळ देखरेखीखाली ठेवायचे हे तेथील डॉक्टरांना ठरवता येईल.